खड्ड्यात गेलेलं चाक आणि भरपाईचा अर्ज: नाशिकमधला अनुभव

खड्ड्यात आपटून गाडीची रिम गेली तर नाशिकमध्ये पैसे परत मिळतात का? मिळतात, पण सगळे नाही, आणि आपण ज्या दारात आधी जातो तिथून तर नाहीच. आमच्या २०,४०० रुपयांच्या खर्चापैकी १६,१०० रुपये परत आले. ते रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाने दिले नाहीत आणि विमा कंपनीनेही दिले नाहीत. रस्ता खोदून तो धड न बुजवणाऱ्या ठेकेदाराने दिले. तिथपर्यंत पोहोचताना टायरचं दुकान, विमा, सरकारी कार्यालय आणि माहिती अधिकार अशा ज्या सेवा वापरल्या, त्या कशा निघाल्या ते इथे लिहिते आहे. माझा अर्ज अजून पूर्ण निकाली निघालेला नाही, म्हणून कोणाचंही नाव घेत नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. बिलाशिवाय पैसे मागायचे नाहीत आणि पोहोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही, हे आमच्या कामात पहिल्या वर्षीच अंगवळणी पडतं. या प्रकरणात तेच उपयोगी पडलं.

जुलैची संध्याकाळ होती, पाऊस पडत होता. सासऱ्यांना डोळे तपासून घरी आणत होतो. मिस्टर गाडी चालवत होते, वेग तीसच्या आसपास. रस्त्यावर आडवी चारी होती, पाइप टाकून मुरमाने बुजवलेली. पावसात मुरूम खचला, वर पाणी साचलं, त्यामुळे वरून सगळं सपाटच दिसत होतं. पुढचं डावं चाक आत गेलं आणि असा आवाज झाला की सासरे मागच्या सीटवरून ओरडले. कुणाला लागलं नाही. गाडी मात्र त्यानंतर डावीकडे ओढायला लागली.

गाडी कडेला घेऊन आम्ही तिथेच थांबलो. मी खड्ड्याचे फोटो काढले. एक लांबून, ज्यात शेजारची दुकानाची पाटी आणि विजेचा खांब दिसतो, आणि काही जवळून. मोबाईलमध्ये ठिकाण आणि वेळ फोटोवर उमटेल अशी सोय असते, ती चालू केली. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून टेप मागून आणली. चारी रस्त्याच्या अर्ध्याहून जास्त रुंदीला आडवी, खोली ११ सेंटिमीटर. टेप आत धरूनच फोटो घेतला. सूचनेचा फलक किंवा बॅरिकेड नव्हतं, तेही दोन्ही बाजूंनी टिपलं. दुसऱ्या दिवशी त्या चारीत कुणीतरी पेव्हर ब्लॉक टाकले होते, म्हणजे ते फोटो त्या संध्याकाळी घेतले नसते तर पुरावाच उरला नसता. नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात साधा अर्ज दिला. जखमी कुणी नसल्यामुळे पुढे काही होणार नव्हतं, पण ठाणे अंमलदारांनी अर्ज घेतला आणि प्रतीवर शिक्का मारून दिला. मला तेवढंच हवं होतं.

आता दुकान. या सगळ्या प्रवासात पाचपैकी पाच गुण मी फक्त त्यालाच देईन. सातपूरच्या बाजूला टायर आणि अलाइनमेंटचं काम करणारे एक काका आहेत. लेखी देणाऱ्याला उद्या साक्षीला बोलावतील अशी त्यांना धास्ती वाटते, म्हणून नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलं. आमची बलेनो, मापाचा टायर १९५/५५ आर १६. टायरची बाजू इतकी कमी उंचीची की दणका थेट रिमला बसतो, हे त्यांनी चाक खोलायच्या आधीच सांगितलं. चाक मशीनवर फिरवलं, तेव्हा ॲलॉय आतल्या कडेला वाकलेली दिसली आणि त्याच जागी बारीक तडा. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा.

काका म्हणाले, "ताई, नुसती वाकली असती तर प्रेसवर सरळ करून दिली असती, हजाराच्या आत काम झालं असतं. पण तडा गेलाय. वेल्डिंग करून चालवणारे चालवतात, मी नाही देणार. महामार्गावर ही रिम फुटली तर?"

मग त्यांनी जे केलं ते मला इतर कुठे बघायला मिळालं नाही. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो, ०५२२ म्हणजे २०२२ सालच्या पाचव्या आठवड्यात बनलेला. तो त्यांनी लिहून घेतला. नक्षीची खोली मोजली, चार मिलिमीटर निघाली. कायद्याने किमान १.६ लागते, म्हणजे टायर झिजलेला होता असं उद्या कुणी म्हणू शकणार नाही. अलाइनमेंटच्या मशीनवर दुरुस्तीच्या आधीचा प्रिंट काढला आणि नंतरचाही. आधीच्या प्रिंटमध्ये पुढच्या डाव्या चाकाचे आकडे लाल आलेले होते. लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) वाकल्याचं त्यातूनच कळलं. बहुतेक ठिकाणी फक्त नंतरचा हिरवा प्रिंट हातात देतात. तो गाडी आता बरी आहे एवढंच सांगतो. नुकसान झालं होतं हे आधीच्या प्रिंटवरून सिद्ध होतं.

बिलही सुटं करून दिलं: टायर ७,२००, ॲलॉय ८,९००, लोअर आर्म २,४५० आणि त्याची मजुरी १,०००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ८५०. जीएसटीसह, गाडीच्या नंबरासह. शेवटी लेटरहेडवर चार ओळी: "रिमचा तडा व टायरचा फुगा एकाच आघाताने झालेला असून खोल खड्ड्याच्या धारदार कडेवर आपटल्याशी सुसंगत आहे." हे वाक्य त्यांच्या मुलाने कॉम्प्युटरवर टाइप केलं, काकांनी वाचून सही केली. जुनी रिम आणि टायर भंगारात न घालता मला परत दिले. अजून गॅलरीत आहेत.

विम्याकडे मी गेले नाही, त्याचा हिशेब सांगते, कारण बरेच जण आधी तिकडेच धावतात. आमची पॉलिसी सर्वसमावेशक होती, पण झिरो डेप, म्हणजे भागांच्या किमतीतून घसारा न कापणारी, नव्हती. गाडी तीन वर्षांहून जास्त आणि चार वर्षांच्या आतली, म्हणजे धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा. टायरला वेगळा नियम: गाडीचं दुसरं नुकसान सोबत झालेलं असेल तरच टायरचे पैसे, आणि तेही किमतीच्या ५० टक्के. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आपल्या खिशातून. हे सगळं वजा जाता हातात साधारण १३,००० आले असते. आता दुसरी बाजू. क्लेम न केल्यास पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, मिळणार होता. क्लेम केला की तो शून्य. मग २०, २५, ३५ असं पुन्हा चढत जायचं. पाच वर्षांचा फरक जोडला तर ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या १२० टक्के होतो. आमचा मूळ हप्ता ९,००० धरला, तो दर वर्षी थोडा उतरतो हेही धरलं, तरी नऊ-साडेनऊ हजार तिथे गेले असते. तेरा घ्यायचे आणि नऊ द्यायचे. ऑइल सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) फुटला असता किंवा बंपरसकट पुढचा भाग गेला असता, तर मी निश्चित क्लेम केला असता. (सम्प फुटल्यावर गाडी तशीच चालवत नेऊ नका. त्यानंतर इंजिन बसलं तर ते परिणामी नुकसान म्हणून नाकारतात.) विमा आणि भरपाई अशा दोन्हीकडून तेच पैसे घेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मग रस्त्याच्या मालकाकडे. पण मालक कोण? नाशिकमध्ये एका फेरीत आपण चार मालकांचे रस्ते ओलांडतो. महानगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, देवळालीकडे गेलं तर छावणी परिषद. द्वारकेजवळ वर उड्डाणपूल आणि खाली रस्ता आहे, तिथे नेमक्या जागेची जबाबदारी कुणाची हे विचारूनच अर्ज करावा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. घोटी, शिंदे किंवा पिंपळगावच्या टोलवर पैसे भरलेले असतील तर फास्टॅगची नोंद जपून ठेवा. पैसे देऊन रस्ता वापरला हे तिथे दिसतं आणि ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर आपली बाजू भक्कम होते.

ज्या कार्यालयाचा आमचा रस्ता, तिथे बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) अर्ज दिला. तिथल्या ताईंनी पाचच मिनिटांत आवक क्रमांक टाकून पोहोच दिली, याबद्दल त्यांचे आभार. पण पुढे कनिष्ठ अभियंत्यांकडून उपअभियंत्यांकडे, तिथून लेखा शाखेकडे आणि लेखा शाखेतून परत अभियंत्यांकडे. प्रत्येक टेबलावर बोलणं सभ्य, उत्तर एकच: गाडीच्या नुकसानीसाठी अर्जाचा नमुना नाही, लेखाशीर्ष नाही, तरतूद नाही. हे लेखी द्या म्हटल्यावर बऱ्याच दिवसांनी दोन ओळींचं पत्र आलं. "आपल्या मागणीबाबत कोणतीही तरतूद नसल्याने कार्यवाही करता येत नाही." मला या पत्राचा राग आला आणि अजूनही आहे. तरतूद नाही हे त्यांच्या हिशेबाचं कारण झालं. चारी उघडी का राहिली, याचं उत्तर त्यात कुठेच नाही.

अर्ज चालू असतानाच ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि संदेश पाटील यांच्या खंडपीठाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, आणि जखमेच्या तीव्रतेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती दावे ऐकणार, पैसे सहा ते आठ आठवड्यांत, उशीर झाल्यास ९ टक्के व्याज. आमच्या कॉलनीतल्या अनेकांना वाटलं की आता गाडीचेही मिळणार. तसं नाही. त्या रकमा माणसांसाठी आहेत, आणि आधी माणसांसाठीच असायला हव्यात. कुणी पडलं, हाड मोडलं तर या समितीकडे जा, हे शेजारीपाजारी सगळ्यांना सांगा. गाडीच्या पत्र्यासाठी मात्र निष्काळजीपणाची नुकसानभरपाई मागायचा जुनाच मार्ग उरतो.

त्या मार्गावर तारखा फार महत्त्वाच्या. रस्ता महापालिकेचा असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे रस्त्यांची देखभाल हे तिचं बंधनकारक काम आहे. दावा करायचा तर कलम ४८७ खाली आधी लेखी नोटीस, मग एक महिना थांबणं, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. नुसते साधे अर्ज करत राहिलं तर हे सहा महिने टेबलांमध्येच संपतात. रस्ता राज्य सरकारच्या खात्याचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. वीस हजारांसाठी वकील लावून कोर्टात जाणं परवडत नाही, मान्य. पण नीट लिहिलेल्या नोटिशीने फाइल वरच्या टेबलावर जाते.

खरं काम झालं माहिती अधिकाराने. माझा भाचा लेस्टरला असतो. त्याच्या गाडीचंही तिकडे असंच झालं होतं. इंग्लंडमध्ये १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम ४१ प्रमाणे रस्ता राखणं ही स्थानिक यंत्रणेची जबाबदारी आहे, पण वाजवी काळजी घेतली होती, वेळेवर पाहणी होत होती, असं दाखवलं तर कलम ५८ मुळे ती सुटते. म्हणून तिथले लोक भरपाईच्या आधी पाहणीच्या नोंदी मागवतात. त्याने फोनवर हे सांगितलं आणि मला दिशा मिळाली. कायदा तिकडचा असला तरी प्रश्न इथेही विचारता येतात.

माहिती अधिकाराचं शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे "रस्ता खराब का आहे" असं न विचारता फक्त कागद मागितले. त्या ठिकाणी खोदाईला दिलेल्या परवानगीची प्रत. रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, ते सांगणारी अट आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदाराने किती काळ दुरुस्त करून द्यायचा ते. घटनेच्या आधीच्या तीन महिन्यांतल्या पाहणीच्या नोंदी. त्याच जागेबद्दल आलेल्या आधीच्या तक्रारी.

उत्तर ३० दिवसांच्या मुदतीत आलं, हे जनमाहिती अधिकाऱ्यांच्या बाजूने नोंदवते. पाहणीच्या नोंदीपुढे "अभिलेख उपलब्ध नाही" एवढंच लिहिलेलं. परवानगीची प्रत मात्र पूर्ण होती, आणि तिच्या अटींमध्ये स्पष्ट होतं की चारी थरांमध्ये भरून, दाबून, डांबरीकरणासह पूर्ववत करायची, तोपर्यंत बॅरिकेड आणि फलक लावायचे, आणि या काळात होणाऱ्या नुकसानीला ठेकेदार जबाबदार राहील. आधीच्या तक्रारी दोन निघाल्या, दोन्ही आमच्या घटनेपूर्वीच्या. त्यातली एक शेजारच्या डेअरीवाल्याची होती, त्यांचा माणूस दुधाच्या कॅनसकट तिथे घसरला होता.

थरांची अट वाचून मला कळलं की शहरात प्रत्येक पावसात तीच जागा का खचते. खोदलेली काळी माती आणि मुरूम एकदम लोटून वरून पातळ थर दिला की आत पोकळी राहते. सांध्यातून पाणी शिरतं, माती बसते आणि कडा धारदार राहते. भर पावसात गरम डांबराचं काम होत नाही, मग पेव्हर ब्लॉक टाकतात आणि तेही खाली जातात. सिंहस्थाची पहिली पर्वणी २ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्याआधी जागोजागी खोदाई होणारच आणि ती व्हायलाही हवी. पण पाइप टाकण्याइतकंच चारी बुजवणंही काम आहे, हे परवानगीवर सही करणाऱ्यांनी जागेवर जाऊन पाहावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या दिवसांत चालत येणारे भाविक असतील, म्हातारी माणसं असतील. त्यांच्याकडे ॲलॉय नाही, पाय आहेत.

परवानगीची प्रत, फोटो, काकांचं पत्र आणि दोन्ही प्रिंट जोडून ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, प्रत कार्यकारी अभियंत्यांना. आठवडाभरात ठेकेदाराच्या साइट इंजिनिअरचा फोन आला. मुलगा वयाने लहान आणि बोलायला सरळ होता. "मॅडम, टायर आणि रिमचे देतो, बाकीचं गाडीचं जुनं असेल." मी आधीच्या प्रिंटकडे बोट दाखवलं, त्याने साहेबांना विचारलं, साहेब टायर-रिमवरच अडले. १६,१०० रुपये बँकेत जमा झाले. पावतीसाठी त्यांनी जो मजकूर आणला त्यात "सदर रस्त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही" असं वाक्य होतं. ते मी खोडलं, खोडल्या जागी सही केली आणि "टायर व रिमपोटी अंशतः" असं हाताने लिहिलं. कुणालाही पैसे मिळत असतील तर हा कागद पूर्ण वाचूनच सही करा. चारी नंतर खरोखर नीट भरली गेली, रोलर फिरताना मी कामावर जाताना पाहिला.

थोडक्यात गुण द्यायचे तर काकांच्या दुकानाला पाच, माहिती अधिकाराला चार, ठेकेदाराला तीन, कारण शेवटी त्याने पैसे दिले आणि रस्ताही केला. कार्यालयाला एक, आणि तो बारनिशीतल्या ताईंचा.

लोअर आर्म, मजुरी आणि अलाइनमेंटचे ४,३०० रुपये अजून बाकी आहेत. त्यासाठी कार्यालयाला मुदतीच्या आत रीतसर नोटीस गेली आहे, सोबत त्यांच्याच नोंदीतल्या त्या दोन जुन्या तक्रारींच्या प्रती जोडल्या आहेत. या वेळी "तरतूद नाही" हे उत्तर मी स्वीकारणार नाही. चारीबद्दल आधीच माहीत असताना फलक का लावला नाही, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.